राखीव गोलकीपर आणि क्लिफर्डमामांची राख

बसमध्ये कसं चढावं, हे मला कुणी शिकवू नये. इंग्लंडच्या खालच्या विभागांतले अकरा क्लब फिरलेला माणूस आहे मी. फुटबॉल किती खेळलो ते विचारू नका, पण बसमध्ये भरपूर बसलोय. राखीव गोलकीपरचं काम मुळात तेच. बसमधून जायचं, मैदानाकडेच्या बाकावर बसायचं, आणि परत येऊन बसमध्ये बसायचं. मुख्य गोलकीपरचा हातबित मोडला तर आपलं नशीब उघडतं, आणि ही माणसं हाताला फार जपतात.

त्या हिवाळ्यात थॉर्नबी टाउननं मला उसना घेतला होता. उसना म्हणजे अगदी शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा. साखर निदान चहात तरी पडते.

नवा क्लब म्हणजे नवी भाड्याची खोली, नवी घरमालकीण आणि माझं नाव नव्यानं सांगणं. नाव गॅरेथ पिम. काही अवघड नाही. पण मॅनेजर रॅथबोनसाहेब पहिल्या आठवड्यात मला ग्रॅहम म्हणाले, दुसऱ्या आठवड्यात गॉर्डन, आणि मग कंटाळून ‘अरे’वर आले. पोरं वाईट नव्हती. शाळेत वर्षाच्या मध्ये एखादा मुलगा दाखल होतो ना, तशी ती माझ्याकडं बघायची. त्यांचे जेवणाचे कंपू ठरलेले, विनोद ठरलेले. मी बसमध्ये नेहमी मधल्या रांगेत बसायचो आणि शेजारच्या सीटवर माझी बॅग ठेवायचो, म्हणजे ती जागा मीच अडवलीय असं दिसतं.

त्या शनिवारी सामना हॅलस्टनला होता. क्लब कडका, त्यामुळं बसच्या पुढच्या सीटा म्हाताऱ्या समर्थकांना विकलेल्या असत आणि मागं पोरांचा पत्त्यांचा अड्डा. खेळाडूंनी रुबाबदार दिसावं म्हणून रॅथबोनसाहेबांनी सगळ्यांना काळे सूट आणि काळे टाय सक्तीचे केले होते. आम्ही बँकेतले अधिकारी दिसू असा त्यांचा अंदाज होता. दिसत होतो खांदेकरी.

वाटेत हायवेवर चहाला थांबलो. मी एकटाच एका कोपऱ्यात मटण भरलेली पेस्ट्री खात बसलो. पेस्ट्री गरम होती, उठवेना. शेवटी घड्याळ बघितलं आणि बाहेर धावलो. दारात आमच्यासारखीच पांढरी बस उभी, इंजिन सुरू, पुढच्या दारातून दोन म्हातारे चढताहेत. मी त्यांच्या मागोमाग चढलो.

पहिल्याच सीटवर एक म्हातारी होती. ऐंशीच्या पुढची, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर चामड्याची पर्स. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

“आलास रे बाबा,” ती म्हणाली. “मला वाटलं, आता काही तू येत नाहीस.”

मी म्हणालो, पेस्ट्रीच्या नादात उशीर झाला.

“असू दे. आलास ना. आम्ही सगळे तुझीच वाट बघत होतो.”

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? माझ्या अख्ख्या कारकिर्दीत माझी वाट कुणी बघितली नव्हती. एकदा एका बाईनं माझी सही मागितली होती, तीसुद्धा पार्सल पोचल्याबद्दल. आणि इथं ही आजी माझा हात सोडायला तयार नव्हती, मागच्या रांगेतले म्हातारे उठून माझ्या खांद्यावर थोपटत होते. एकानं सांगितलं की तुझ्याबद्दल खूप ऐकलंय. दुसरा म्हणाला, आज वारा बरा आहे, गडी झटकन पोचतील. मला वाटलं, लांबच्या पासबद्दल बोलतोय. मी म्हणालो, फक्त जास्त उंच जायला नकोत. त्याला ते फार पटलं.

म्हातारीनं मला शेजारी बसवून घेतलं. मधल्या रांगेतल्या माझ्या बॅगेकडं जायचं राहूनच गेलं. मागून पत्त्यांची आरडाओरड ऐकू येत नव्हती, पण रॅथबोनसाहेबांनी झापलं असेल असं मी धरून चाललो. बसमध्ये ऊब होती, हातावर तिचा हात होता. मी झोपलो. इतका गाढ मी त्या भाड्याच्या खोलीतही कधी झोपलो नव्हतो.

जाग आली ती समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्यानं. हॅलस्टनला समुद्र नाही. हॅलस्टनला बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी आहेत.

मी उभा राहून मागं वळून बघितलं. सगळी बस म्हाताऱ्यांची. सगळ्यांचे काळे कोट, काळे टाय. मागच्या सीटांवर वेताच्या करंड्या होत्या आणि त्यांतून कबुतरं घुमत होती.

मी काही बोलणार, तेवढ्यात नॉर्मन नावाचा एक धिप्पाड गृहस्थ पुढं आला. एकेकाळचा खाटीक, आता कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्या त्यांच्या मंडळाचा चिटणीस. त्यानं माझ्या हातात तपकिरी प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची, चांगली जड बरणी दिली.

“घे,” तो म्हणाला. “मामांना तूच धर.”

मी बरणी हातात घेऊन क्लेव्हर्टनच्या किनाऱ्यावर उतरलो. नंतर नॉर्मनला ओढतच, हिवाळ्यामुळं बंद असलेल्या आइस्क्रीमच्या टपरीमागं नेलं आणि सगळं सांगितलं. मी गॅरेथ पिम, थॉर्नबी टाउनचा राखीव गोलकीपर, चुकीच्या बसमध्ये चढलोय, आणि हे मामा माझे नाहीत.

नॉर्मननं सांगितलं ते असं. बरणीतले क्लिफर्ड ग्रिमशॉ म्हणजे मंडळातले सगळ्यांत जुने कबुतरवाले. पुढं बसलेली ईनिड त्यांची बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही. मेलेल्या धाकट्या बहिणीचा पोरगा ग्लेन, त्याला दोघांनी वाढवला. तो विशीत ऑस्ट्रेलियाला गेला तो आजतागायत आला नव्हता. मामांच्या राखेसाठी मात्र येतो म्हणाला. विमानतळावरून थेट त्या हायवेवरच्या थांब्यावर येणार होता.

“मी तिथल्या फोनवरून घरी फोन केला,” नॉर्मन म्हणाला. “बायको म्हणाली, ग्लेनचा निरोप आलाय, जमत नाही. तो विमानात चढलाच नव्हता. आता हे ईनिडला कसं सांगू, असा विचार करत बसमध्ये आलो, तर तिच्या शेजारी तू. काळा टाय लावून. ती हसत होती रे. मी म्हटलं, देवानं पाठवलाय, जास्त चौकशी करू नये.”

मी म्हणालो, अहो, माझा सामना आहे. त्यानं मला रस्त्यावरचा फोन दाखवला. नंबर शोधून मी हॅलस्टनच्या ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं की थॉर्नबीचा राखीव गोलकीपर पिम पोचू शकत नाही. पलीकडच्या मुलीनं विचारलं, कोण पिम? मग म्हणाली, तिकिटं दारावरच मिळतील, गर्दी काही नाही. आणि फोन ठेवला.

मी टपरीकडं परत आलो तेव्हा नॉर्मनला म्हणालो, ठीक आहे, संध्याकाळपर्यंत ग्लेन. पण भाषण करणार नाही. तो म्हणाला, दोन शब्द तर बोलावेच लागतील, सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पुढची अडचण म्हणजे समुद्र जागेवर नव्हता. त्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की पाणी पार क्षितिजापर्यंत जातं आणि मागं उरतो नुसता ओला गाळ. भरती-ओहोटी बघायचं काम मंडळानं एका सभासदाकडं सोपवलं होतं. त्यानं ते गेल्या वर्षीच्या कॅलेंडरात बघितलं होतं. थोडा वेळ त्याला सगळ्यांनी सौम्य शब्दांत सोलून काढला आणि मग वरात निघाली, पाण्याच्या दिशेनं. पुढं नॉर्मन. बरणी आता त्याच्याकडं, कारण ईनिडमावशींनी माझा हात धरला होता. मागं काठ्या टेकत म्हातारेकोतारे, दोघांच्या हातात कबुतरांच्या करंड्या. चिखलातून चालताना सगळ्यांच्या बुटांचा चपक चपक आवाज.

मी मनातल्या मनात दोन शब्द जुळवत होतो. क्लिफर्डमामांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते वजनाला बरे होते. तेवढ्यात नॉर्मनचा पाय एका मऊ जागी गुडघ्यापर्यंत रुतला. तो पुढं कोसळला आणि बरणी त्याच्या हातातून सुटून हवेत उडाली. ऐन वेळी घट्ट बसू नये म्हणून त्यानं झाकण बसमध्येच सैल करून ठेवलं होतं. ते वेगळं उडालं.

मला विचार केल्याचं आठवत नाही. मावशींचा हात सोडला आणि डावीकडं झेप घेतली. पूर्ण अंग ताणून, जमिनीला समांतर. बरणी चिखलाला टेकायला वीतभर राहिली असताना माझे दोन्ही तळवे तिच्याखाली गेले. बरणीचं तोंड वर. मग छातीशी कवटाळून घसरत गेलो तो पार एका डबक्यात. क्लिफर्डमामा थोडे माझ्या टायवर सांडले, बाकी शाबूत होते.

मग एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. लोकरीचे हातमोजे घातलेल्या हातांची टाळी, तिला आवाज असा नव्हताच, नुसतं थप थप. पण मी चिखलात पडल्या पडल्या ऐकत राहिलो. इतका सुंदर बचाव मी आयुष्यात केला नव्हता, आणि तो बघायला माझ्या ओळखीचं एकही माणूस तिथं नव्हतं.

नॉर्मनला बाहेर ओढून काढल्यावर तो म्हणाला, आता ग्लेन दोन शब्द बोलेल. मी तोंड उघडलं.

“काही बोलायचं नाही त्यानं,” ईनिडमावशी म्हणाल्या. “दमलाय तो. आणि आणखी पुढंही जायचं नाही. ओत इथंच. संध्याकाळी येईल पाणी आणि नेईल त्याला. क्लिफर्डला कुठं कधी घाई होती?”

तिथंच ओतली राख. करंड्या उघडल्या. कबुतरं वर गेली, डोक्यावरून एक फेरी मारली आणि घराच्या दिशेनं निघून गेली. म्हातारे टोप्या काढून बघत उभे राहिले.

परतताना मावशींनी माझा दंड धरला आणि मुद्दाम सावकाश चालायला लागल्या. बाकीचे पुढं गेल्यावर म्हणाल्या, “आमच्या ग्लेनच्या हातात फेकलेली वस्तू कधी राहिली नाही. चेंडू म्हणू नकोस, किल्ली म्हणू नकोस. नाकावर आपटायची.”

मी बाहीवरचा चिखल खरवडायला लागलो.

“फोन आला होता का त्याचा?”

मी हो म्हणालो.

“वाईट वाटलं म्हणाला?”

“फार वाईट वाटलं म्हणाला.”

“म्हणजे नाही म्हणाला,” त्या म्हणाल्या. थोडं अंतर आम्ही नुसते चपक चपक चालत राहिलो. मग त्यांनी विचारलं, “आणि तू कुणाचा रे?”

मी म्हणालो, थॉर्नबी टाउनचा, पण उसना.

“क्लब नाही विचारला मी.”

आई नाही, वडील कुठं असतात ठाऊक नाही, लग्न झालं होतं ते चौथ्या आणि पाचव्या क्लबाच्या मध्ये कुठंतरी सुटलं. हे सगळं चिखलात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, तसा कुणाचा नाही. त्यांनी मान हलवली, पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या टायवर सांडलेले आपले भाऊ हळूच पुसून घेतले. रुमालाची नीट घडी करून परत पर्समध्ये ठेवली.

मग आम्ही सगळ्यांनी किनाऱ्यावर तळलेला मासा आणि बटाटे खाल्ले. मावशींनी आपल्यातला अर्धा मासा माझ्या कागदावर सरकवला. संध्याकाळी नॉर्मननं ड्रायव्हरला सांगून मला थॉर्नबीच्या चौकात सोडलं. उतरताना म्हाताऱ्यांनी मला ऑस्ट्रेलियाचा प्रवास सुखाचा होवो म्हणून निरोप दिला. ऑस्ट्रेलियाला जाणारा माणूस थॉर्नबीच्या चौकात का उतरतोय, हे कुणालाच कळलं नव्हतं, पण विचारलं नाही. सभ्य माणसं. मावशी काचेतून हात हलवत होत्या. मी जरा चुकीच्या दिशेला उभा होतो, तरी हलवत होत्या.

रविवार मी खोलीत माफीची तयारी करण्यात घालवला. आरशासमोर उभं राहून तीन-चार तऱ्हांनी बोलून बघितलं. आपण दिसलो नाही म्हणून बस थांबवली असेल, पोलिसांत कळवलं असेल, संघ एका माणसानं कमी पडला असेल. घरमालकिणीला विचारलं, माझ्यासाठी फोन आला होता का? नव्हता.

सोमवारी सकाळी मी सरळ रॅथबोनसाहेबांच्या खोलीत गेलो. माझी बॅग तिथं कोपऱ्यात होती. संघाचं सामान सांभाळणाऱ्या बाईनं ती हॅलस्टनला उतरवून खुंटीखाली ठेवली होती, जर्सी खुंटीला टांगली होती, आणि सामना संपल्यावर परत भरून आणली होती. मी म्हणालो, साहेब, शनिवारचं सांगायचं होतं.

“बस,” ते म्हणाले. “मलाही तेच बोलायचं होतं. तिथला बाक छोटा, म्हणून राखीव पोरांना वर प्रेक्षकांत बसवलं. बाकीच्यांनी केवढी कटकट केली. तू एक अक्षर बोलला नाहीस. हरलो तरी तोंड वाकडं नाही, येताना बसमध्येही शांत. राखीव गोलकीपर असा असावा. मी या बाकीच्यांना तुझंच उदाहरण दिलं, गॉर्डन.”

तुम्ही म्हणाल, तेव्हाच खरं सांगायचं. अहो, मॅनेजरनं माझं कौतुक केलं होतं. अकरा क्लबांत पहिल्यांदा. मी थँक्यू म्हणालो आणि बॅग उचलली.

पुढच्या शनिवारी सामना घरच्याच मैदानावर होता. मी दोन तास आधी पोचलो. बाकावर अगदी मधोमध बसलो, मुख्य गोलकीपरला ओरडून दोनदा सावध केलं, गोल झाला तेव्हा उठून टाळ्या वाजवल्या. मध्यंतरात रॅथबोनसाहेब माझ्याजवळ येऊन वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

“आज काय झालंय तुला? गेल्या शनिवारी किती छान बसला होतास.”