भिंतीकडचं बिल

हॉटेलचं बिल वाटून घ्यायचं असेल तर माझ्यासारखा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडणार नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. वरठीच्या कारखान्यात आमची शिफ्ट सुटली आणि चार मंडळी कुठे जेवायला बसली, की बिल सरळ माझ्या पुढ्यात येतं. ज्यानं तीन पोळ्या खाल्ल्या त्यानं तीन पोळ्यांचे द्यावे, ज्यानं नुसता शेवभाजीचा रस्सा ओरपला त्यानं रश्श्याचे. लोक मला चिकट म्हणतात. म्हणोत बापडे. चिकट वेगळा आणि चोख वेगळा, हे कळायला डोकं लागतं.

तर माझी बहीण तुळसा. तिच्या धर्मेंद्रचं लग्न काही केल्या जुळत नव्हतं. पोरगा सरळ, नोकरीवाला, फक्त तोंडात मूग धरून बसणारा. पण आसगावची तृप्ती पाहून आला आणि गडी आपणहून बोलायला लागला. तृप्ती नर्स आहे, स्वभावानं तिखट आणि चेहऱ्यानं हसरी. तिच्या घरी चहापोहे झाले होते. आता दोन्हीकडच्या माणसांनी भंडाऱ्याच्या एका हॉटेलात जेवायला भेटायचं आणि हो की नाही ते पक्कं करायचं, असं ठरलं. आदल्या दिवशी तुळसा माझ्याकडे आली.

"भाऊ, एक गोठ ध्यानात ठेव," ती म्हणाली. "मागं तृप्तीले पाहाले जे लोक आले होते ना, ते अकरा जण होते. हॉटेलात बिल आलं तसे सारेच्या सारे हात धुवाले गेले. तिच्या बापानं, आनंदरावानं, एकट्यानं भरलं. पोरीनं घरी जाऊन सांगतलं, असल्या घरात मी जात नाही."

"मंग आपण भरू सारं. कायले चिंता करतं?"

"तेही नाही जमत ना. आनंदराव कोणाचा फुकटचा चहा पेत नाही. त्यायले अपमान वाटते. आपल्या माणसाचा घास त्याईच्या खिशातून जाऊ नाही, अन् त्याईचा आपल्या खिशातून जाऊ नाही. हे बिघडलं तर माह्या पोट्ट्याचं लग्न बिघडलं समज."

तिचे डोळे भरून आले होते. मला बहिणीचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतकी वर्षं मी जे शास्त्र वाढवलं त्याला शेवटी लायकीचं काम मिळालं होतं. "तुळसा," मी म्हणालो, "तू बरोबर माणसापाशी आली."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हॉटेलात पोचलो. ईश्वर नावाचा वेटर होता, पन्नाशीचा, शांत. त्याला बाजूला घेतलं. "हे लांब टेबल आमचं. खिडकीकडच्या खुर्च्यांवर आम्ही मुलाकडचे बसू, भिंतीकडच्या खुर्च्यांवर मुलीकडचे. खिडकीकडं जे जाईन ते एका बिलात, भिंतीकडं जाईन ते दुसऱ्या बिलात. समजलं?"

"समजलं जी."

"कोण मागवते, कोण खाते, ते पाहाचं नाही. खुर्ची पाहाची."

"खुर्चीच पाहातो जी," ईश्वर म्हणाला. आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, त्या दिवशी माझं शब्दन् शब्द ऐकणारा तो एकटाच माणूस होता.

ठरल्याप्रमाणे आमच्याकडून तिघं येणार होते. मी, तुळसा, धर्मेंद्र. आले चार. चौथा नत्थू, तुळसाचा दीर. पुतण्याचं लग्न ठरतं आणि काका घरी कसा बसेल, असं म्हणून तो धर्मेंद्रच्या मोटारसायकलवर मागे बसून आला होता. नत्थू माणूस दिलदार आहे, पण तो जेवायला बसला की यजमानाला घाम फुटतो. मी मात्र जराही घाबरलो नाही. खिडकीकडची एक खुर्ची वाढली, खिडकीकडचं बिल वाढेल, त्यात काय.

मुलीकडचे तिघं आले. आनंदराव, तृप्ती आणि आनंदरावांची बहीण सत्यवतीबाई. जयभीम झाला, पाणी झालं, ऊन किती वाढलं यावर सगळ्यांचं एकमत झालं. आनंदराव कमी बोलणारे, ताठ बसणारे शेतकरी. पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. मी त्यांना हळूच माझी पद्धत सांगितली. दोन बाजू, दोन बिलं, कोणाचं कोणावर ओझं नाही. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"हे मले पटलं, सेवकरामजी," ते म्हणाले. "असं सोप्पं कोणी बोलतच नाही."

मी तुळसाकडे असं पाहिलं की तिनं सुद्धा मान खाली घालून हसून घेतलं. मग मी आनंदरावांना कारखान्यातल्या पार्ट्यांचे दाखले देऊ लागलो, आणि ते मन लावून ऐकू लागले.

दरम्यान ज्या दोघांचं लग्न होतं त्यांना जरा बोलू द्यावं म्हणून तुळसानं त्यांना काउंटरजवळच्या छोट्या टेबलावर पाठवलं. मी लगेच ईश्वरला सांगितलं, त्या टेबलाचं अर्धं इकडे लिही, अर्धं तिकडे. कुठे म्हणून भोक ठेवलं नव्हतं.

भिंतीकडे कूलर होता. सत्यवतीबाई म्हणाल्या, "बाप्पा, हा वारा नाही सोसत मले. माहे गुडघे धरतात."

"मंग तुम्ही इकडं या ना, मी तिकडं बसतो," नत्थू म्हणाला आणि उठलाच. "मले तर कूलरच पाहिजे." सत्यवतीबाई खिडकीकडे आल्या, नत्थू भिंतीकडे जाऊन आनंदरावांच्या शेजारी ऐसपैस बसला. मी हे पाहिलं बरं का. पाहिलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, काका मुलीच्या बापाशी घसट वाढवतो आहे, चांगलं लक्षण आहे. आणि मी माझा दाखला पुढे चालू केला.

आनंदरावांनी वरणभात आणि वांग्याची भाजी घेतली. सत्यवतीबाईंनी दहीभात. तुळसाला काळजीनं घास उतरत नव्हता, तिनं एक पोळी तोडून तोडून संपवली. मी बोलण्यात असल्यामुळे माझंही वरणावरच भागलं. नत्थूनं मटण घेतलं. मटणाचा रस्सा बरा लागला म्हणून पुन्हा मटण घेतलं. मग मरळ मासोळी तळून घेतली, मग झिंगे घेतले. मग म्हणाला आता जरा तोंडाची चव बदलावी, आणि कोंबडी मागवली. ईश्वर प्रत्येक वेळी खुर्ची पाहून जात होता.

शेवटी बडीशेपेच्या दोन बशा आल्या, दोन्हींत एकेक बिल. आमच्यासमोरचं मी उचललं. पाचशे रुपये. अगदी वाजवी. मी अभिमानानं समोर पाहिलं तर आनंदराव चष्मा लावून त्यांचं बिल वाचत होते. वाचून झालं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

सत्यवतीबाईंनी मान लांब करून पाहिलं. "एकोणीसशे? दादा, वरणभाताचे एकोणीसशे?"

मी कूलरकडे पाहिलं. कूलरसमोरची खुर्ची रिकामी होती. नत्थू हात धुवायला गेला होता.

आता बघा, कोणीही लेचापेचा माणूस इथे माफी मागून मोकळा झाला असता. मी तसा नाही. मी उभा राहिलो आणि शांतपणे म्हणालो, "काही नाही, खुर्चीची चूक आहे. दोन्ही बिलं एकत्र करू अन् निम्मे निम्मे करू."

"म्हणजे आमचे बाराशे?" सत्यवतीबाईंनी विचारलं. "दहीभात अन् वरणभाताचे?"

"नाही नाही, डोक्याप्रमाणे करू."

"डोके तुमचे चार, आमचे तीन. तरी हजाराच्या वर जाते ना जी."

बाई हिशोबात इतकी पक्की असेल असं मला वाटलं नव्हतं. आनंदरावांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पुन्हा ताठ झाला होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "पोरीच्या बापालेच सारं भरावं लागते. मले सवय आहे." त्यांनी मोबाईल काढला आणि टेबलावर चिकटवलेल्या क्यूआर कोडच्या चौकोनावर धरला. त्या शब्दांनी तुळसाचा चेहरा असा उतरला की माझ्यानं पाहवेना.

मी धावत काउंटरवर गेलो. "किती झाले दोन्ही मिळून?"

"चोवीसशे," मॅनेजर म्हणाला.

मी फोनवरून चोवीसशे पाठवले. फोननं हिरवी खूण दाखवली. मॅनेजरनं मान हलवली. "नाही आले."

"आले ना बावा, हे पाहा."

"डब्बा बोलला नाही." त्यानं पैसे आल्यावर बोलणाऱ्या त्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्यावर लाल दिवा होता. "नेटवर्क गेलं आहे दुपारपासून. डब्बा बोलल्याशिवाय मले कोणाचे पैसे आले म्हणता येत नाही."

तेवढ्यात मोरीकडून तुळसाचा दबका आवाज आला. ती कधी उठून गेली कोणास ठाऊक, पण नत्थूला तिनं कोपऱ्यात गाठलं होतं. "सारं बिल भरा, आत्ताच्या आत्ता. नाहीतर माह्या घरी पाय ठेवू नका." आणि नत्थू ओल्या हातानं, खांबावरच्या चौकोनासमोर फोन धरून, "भरतो ना वहिनी, भरतो ना," करत होता.

मी मॅनेजरशी भांडतो आहे, आनंदराव टेबलावर पुन्हा पुन्हा फोन पाहत आहेत, सत्यवतीबाई ईश्वरला विचारताहेत की झिंगे कोणी खाल्ले, आणि ईश्वर सांगतो आहे, "खुर्चीनं खाल्ले जी." सगळं हॉटेल हातातला घास हातात धरून आमच्याकडे पाहत होतं. आणि त्याच क्षणी डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

"एक हजार दो सौ रुपये प्राप्त हुए," डब्बा म्हणाला. मग पुन्हा, "एक हजार दो सौ रुपये प्राप्त हुए." मी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मग डब्यानं दम घेतला आणि एकापाठोपाठ एक तीनदा सांगितलं, "दो हजार चार सौ रुपये प्राप्त हुए."

शेवटचे तीन कोणाचे हे मला उमगलं. एक माझे, एक आनंदरावांचे, एक नत्थूचे. पण पहिले दोन बाराशे कोणाचे?

"आमचे," छोट्या टेबलावरून तृप्ती म्हणाली. "बिलं टेबलावर जायच्या आधीच पैसे भरले आम्ही. मी एकूण किती झाले ते विचारलं, त्याचे दोन भाग केले. बाराशे माझे, बाराशे यांचे." धर्मेंद्र तिच्या बाजूला लाल होऊन बसला होता.

म्हणजे ज्या बिलासाठी आम्ही इतकं रान उठवलं ते कधीच भरून झालं होतं.

"मंग बोलली काहून नाही, बाई?" आनंदरावांनी विचारलं.

"मॅनेजर म्हणे डब्बा बोलू द्या. अन् मग म्हटलं, बाबा, थोडं पाहू तरी." ती हसू दाबत होती. "हात धुवायला गेलेल्या माणसानंही तिथूनच पैसे भरले. असे लोक मी पहिल्यांदा पाहिले. माझं हो आहे."

तुळसा तिथेच खुर्चीत बसून रडली. मलाही भरून आलं. आनंदरावांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. नत्थू ओल्या हातानंच सगळ्यांना मिठ्या मारत सुटला. आणि मी सर्वांना समजावून सांगितलं की हे मुळात दोन बिलांच्या पद्धतीमुळेच झालं. कोणी नाही म्हटलं नाही.

राहिला प्रश्न जास्तीच्या पैशांचा. खातं मालकाचं, मोबाईल मालकाचा, आणि मालक लेकीच्या बाळंतपणासाठी रायपूरला. गल्ल्यात जेवढी नगद होती त्यातून मी आधी आनंदरावांचे चोवीसशे परत करवले. तिथे मी अडून बसलो. माझे आणि नत्थूचे जमा राहू द्या, कधीही येऊन घेऊन जा, असं मॅनेजर म्हणाला.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाल्यावर एक दिवस भंडाऱ्याला काम निघालं तेव्हा मी हॉटेलात गेलो. म्हटलं आपले चोवीसशे घ्यावे.

"तुमचे?" मॅनेजर म्हणाला. "ते तर संपले जी."

"संपले म्हणजे?"

"तुमचे भाचेसाहेब अन् मॅडम येतात ना जेवाले. मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, आमच्या प्रत्येक बिलाचे बरोब्बर दोन भाग करा. अर्धा मामाजीच्या पैशातून, अर्धा नत्थूकाकाच्या पैशातून. कोणावर अन्याय झाला नाही पाहिजे."

मी त्याला तिथेच उभं करून एकेक जेवण विचारलं आणि तोंडी सगळं ताडून पाहिलं. मी त्यात चूक काढायचा अर्धा तास प्रयत्न केला. बोट ठेवायला जागा नव्हती. उलट शेवटच्या आइस्क्रीममध्ये माझ्या बाजूचे वीस रुपये कमी पडत होते. ते मी देऊन आलो.