दातार सरांचं शून्य घर

२८ ऑक्टोबर. चकलीची भाजणी दळून आणली आणि फराळाचा तक्ता घ्यायला समोरच्या दातार सरांकडे गेले.

मागच्या दिवाळीत सरांनी आमची बेल वाजवून रिकामं ताट पुढे केलं होतं. "शून्य फराळ. स्वीकारा." ताट रिकामं परत करू नये म्हणून मी त्यात चार करंज्या ठेवल्या. सर नाराज झाले. म्हणाले, "शून्य मिळवल्यानं काही बदलत नाही, एवढंही तुम्हाला मान्य नाही."

त्याच्या आदल्या दिवाळीत त्यांनी लाडवांचा डबा दिला आणि दुसऱ्या दिवशी परत नेला. "काल अधिक एक, आज उणे एक. उणे हवंच." सरांच्या पत्नी मालतीवहिनी तेव्हा होत्या. त्या मागोमाग डबा घेऊन पुन्हा आल्या.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. "यादी करा, यादी हेच घर," हे त्यांचं पालुपद. एका घरातून दुसऱ्या घरात जे जातं, त्याची बेरीज होते. पण दोन घरांची बेरीज म्हणावं असं घर आमच्या सोमाटण्यात मिळत नाही. म्हणून घरांची यादी करायची आणि त्या यादीलाच मोठं घर मानायचं. यादीकडून यादीकडे जे जातं, तो चौकटींचा तक्ता. रिकामी यादी हेसुद्धा घर, शून्य घर. तिथून शून्याखेरीज काही निघत नाही, तिथे शून्याखेरीज काही पोचत नाही.

"तिथे पाणी किती वाजता येतं?" मी विचारलं होतं.

"गरज नाही," सर म्हणाले.

तक्ता मात्र कामाचा निघाला. आमच्या इमारतीत आठ घरं. डावीकडे देणारी, वर घेणारी; फराळ द्यायचा असेल तर चौकटीत एक, नाहीतर शून्य. कोण कोणाला देणार ते एका नजरेत कळतं.

आज माझ्याबरोबर तळमजल्यावरच्या शांतामावशी होत्या, माहेर उर्से. त्यांनी तक्ता पाहिला. "सरांच्या वळीत समदी शून्यं हाईत. काढून टाक की ती वळ."

"ओळ काढली तर घरच जाईल," सर घाईनं म्हणाले.

"देत काय न्हाई, तर घर कशाला मोजायचं?"

मी ओळ पुन्हा वाचली. घरानं स्वतःसाठी ठेवायचं, त्या चौकटीत बाकी सात जणांनी एक लिहिला होता. सरांनी तिथेही शून्य लिहिलं होतं.

"सर, स्वतःसाठीही काही नाही?"

"एकट्यासाठी कढई कोण चढवणार?" ते पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "खरं तर ज्या घरातून स्वतःकडेसुद्धा शून्यच जातं, ते रिकाम्या यादीसारखंच. गणितात दोन्ही सारखीच."

शांतामावशींनी तक्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सर, सकाळचं तरी काय खाल्लं का?"



दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मळलेलं पीठ आणि सोऱ्या घेऊन त्यांच्याकडे गेले, गॅसवर कढई चढवली आणि सोऱ्या त्यांच्या हातात दिला. पहिल्या चार चकल्या तुटल्या. त्या मी त्यांनाच खायला लावल्या.