जोडा चावू नये म्हणून

आमचे काकाजी जोडा कानाला लावून बघत. नारळ घेताना आपण हलवून बघतो ना, तसं. जोड्याचा तळ वाकवायचा, कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचे. करकर ऐकू आली की जोडा परत. "हा आतापासूनच कुरकुरून राह्यला. गडावर गेल्यावर रडन!"

काकाजी म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे काका. पांढरकवड्याच्या कचेरीत कारकून. मी नवी सून म्हणून त्या घरात गेले, त्याच हिवाळ्यात सगळ्यांनी माहूरला जायचं ठरलं. देवीचं दर्शन, मग पायीच पुढच्या शिखरांकडे. आम्ही बायका दशम्या किती न्यायच्या ते बोलत होतो. काकाजींनी एकेकाच्या पायांकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "दशम्या राहू द्या. आधी पायाचं बोला."

झालं! रविवारी आमची वरात चपलांच्या दुकानात. काकाजींना पाहताच दुकानदार आधी पाणी प्यायला. कारण दुकानातल्या सतरंजीवर चालून जोडा कळत नाही, असं काकाजींचं ठाम मत. बाहेर रस्त्याच्या कामाची गिट्टी पडली होती. त्या ढिगावर प्रत्येकानं चढायचं, उतरायचं. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून आमची कवायत बघत होते.

"लाजू नको सूनबाई, अंगठा दबते काय थे सांग!" काकाजी खालून ओरडत.

दुकानदार रडकुंडीला आला. "साहेब, माल खराब होते ना!"

"मंग लोकायचे पाय खराब झालेले चालते काय तुले?"

यजमानांना कॅनव्हासचे बूट मिळाले, मला मऊ पट्ट्यांच्या चपला. काकूंनी मात्र साफ नाही म्हटलं. "मले कायले? मी देवीले अनवाणीच जाते." काकाजींनी वाद न घालता दुकानदाराला पैसे मोजून दिले, याचंच मला नवल वाटलं.

त्यानंतर कचेरीतून आले की काकाजी मागच्या खोलीचं दार लावून घेत. आतून फटक फटक आवाज येई. विचारलं तर म्हणत, "व्यायाम करून राह्यलो."

माहूरला आम्ही सगळे भराभर चढलो आणि जोड्यांचे हे पंडित लंगडत मागे! यजमानांनी चिडवून घेतलं. काकाजींनी हसत खांद्यावरची पिशवी सावरली.

दर्शन झालं. पुढची वाट खड्यांची होती. थोडं चालून काकू एका दगडावर टेकल्या. तळव्यात काटा मोडला होता. काकाजींनी पिशवीतून कागदाचं पुडकं काढलं आणि त्यातल्या बायकी चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"देवीले अनवाणी गेली ना? आता घाल."

काकूंनी पाय सरकवले. चपला नव्या, पण वर्षभर वापरल्यासारख्या मऊ. त्यांनी चपलांकडे पाहिलं, मग काकाजींच्या टाचांवरच्या फोडांकडे.

"एवढा मोठा पाय तुमी ह्याच्यात कोंबला? काहून?"

"नव्या होत्या. तुले चावल्या असत्या," काकाजी म्हणाले. "आता नाही चावत. दात पाडले त्यायचे."

वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या काकूंनी तिथेच दशम्यांचं धुवट फडकं फाडलं आणि काकाजींच्या दोन्ही टाचांना बांधलं. मग त्यांनी आपला खांदा पुढे केला. भर दिवसा, सगळ्यांदेखत, काकाजी त्यावर हात ठेवून चालू लागले.

आम्ही बाकीचे मुद्दामच मागे रेंगाळलो.