उदमांजराची राजीखुशी

एका जंगलात, बाळांनो, फार महागडी कॉफी मिळायची. उदमांजर कॉफीची फळं खातं. बिया काही पचत नाहीत, मागून जशाच्या तशा बाहेर पडतात. त्या धुवून, भाजून आम्ही प्यायचो. नाकं मुरडू नका. महाग वस्तूचं मूळ विचारायचं नसतं.

पण मी विचारलं. मी साळिंदर. अंगावर काटे असले तरी मन फार हळवं. पिताना कुणाचं तरी दुःख आठवलं नाही, तर मला कॉफी गोड लागत नाही.

दुकान मुंगूसशेठचं. मी म्हणालो, "शेठ, उदमांजर हे राजीखुशीनं करतं ना?"

"तुम्हीच विचारून या की!" शेठनी एक छापील अर्ज आणि वाफाळता कप माझ्या हाती दिला.

दुकानामागे पिंजरा होता. आत चंद्रा नावाचं उदमांजर. बाहेरून साधी कडी, कुलूपसुद्धा नाही.

"चंद्राबाई, सुखी आहात ना?"

"भाऊ, रानात मी पिकलेलं निवडून खायचे. इथं कच्चं-पक्कं, पुढ्यात येईल ते. पिल्लं तिकडं ढोलीत उपाशी आहेत हो. तेवढी कडी काढा."

मला भडभडून आलं. खरंच आलं. पण अर्जावर दोनच चौकटी होत्या : 'सुखी' आणि 'दुःखी'. 'कडी काढा' अशी चौकटच नव्हती. आणि मी पडलो तत्त्वाचा प्राणी.

"अहो, अर्ज राहू द्या," चंद्रा म्हणाली. "हात घाला नि सरकवा."

"थांबा, आधी अर्ज सुधारून घेतो."

काय भांडलो मी, बाळांनो! सभा घेतल्या. उपोषण केलं, कॉफी तेवढी चालू ठेवली. चार महिन्यांनी अर्जावर तिसरी चौकट आली. मी धावत पिंजऱ्याशी गेलो आणि चंद्रासमोर त्या चौकटीत ठसठशीत खूण केली.

तिनं अर्जाकडे पाहिलंही नाही. "आता कशाला, भाऊ?" म्हणाली. "ढोलीत कोण उरलं असेल?"

माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शेठनी पुडीवर नवी ओळ छापली : 'आमच्या उदमांजरांचं म्हणणं ऐकलं जातं.' ती वाचून लाज पुष्कळ कमी झाली. हल्ली मी दोन कप घेतो.

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख नेहमी कान देऊन ऐकावं. कडी काढायला मात्र जाऊ नये. हातातली कॉफी सांडते.