मौन शिबिरात माइकबाई

आवाजावरून माणूस ओळखण्यात माइकबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं! म्हणजे असं माइकबाईंचंच म्हणणं होतं. पण त्या ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला खरंच वाटायचं.

बाई बस स्टँडवर अनाउन्सर. फलाटांच्या टोकाला त्यांची काचेची खोली. आत एक खुर्ची, एक पंखा आणि एक माइक. उभ्या शहराला त्यांचा आवाज पाठ होता, चेहरा मात्र कुणाच्या बापाला ठाऊक नव्हता. दिवसभर हजारो माणसांशी बोलायचं आणि त्यातल्या एकानंही उलट बोलायचं नाही, अशी ही नोकरी! संध्याकाळी घरी यायचं, कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि रेडिओ सुरू करायचा. रेडिओवरच्या माणसाने काही विचारलं की बाई त्याला उत्तरही द्यायच्या. तो बिचारा मध्ये तोडायचा नाही, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा.

तर एके दिवशी डेपो मॅनेजरनी सांगितलं, "बाई, तुमची रजा साठून डोंगर झालाय. घ्या, नाहीतर बुडेल."

"घेऊन करू काय?"

"आराम करा. कुठेतरी जा. हल्ली ते वेलनेस का काय असतं ना, तिकडे जा."

बाईंनी लांबच्या शहरात राहणाऱ्या भाचीला फोन लावला. भाची कायम घाईत.

"मावशी, बेस्ट! पण कुठल्या प्रकारचं रिट्रीट हवंय तुला?"

"म्हणजे? त्यातही प्रकार असतात?"

"अगं ढीगभर! योगाचं असतं, डिटॉक्सचं असतं, डोंगर चढायचं असतं, मातीत लोळायचं असतं, हसायचं असतं, रडायचंसुद्धा असतं. योग्य प्रकार निवडणं फार महत्त्वाचं असतं गं. तुला नक्की काय हवंय?"

बाईंना काय हवं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोर बसून कुणीतरी गप्पा माराव्यात, बस्स! पण हे भाचीला कसं सांगणार? तिला वाटायचं, मावशी टोमणा मारतेय. "बघते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आणि बघायचं कसलं, त्यांनी ऐकायचंच ठरवलं! माहितीपत्रकात काय, कुणीही काहीही छापतं. फोन उचलणाऱ्याचा आवाज मात्र खोटं बोलत नाही. बाईंनी एकेका ठिकाणी फोन लावायला सुरुवात केली.

डिटॉक्सवाली बोलायला लागली आणि बाईंनी तिसऱ्या वाक्याला फोन ठेवला. "ही स्वतःच उपाशी आहे. कुणावर तरी डाफरणार!" डोंगरवाला बोलता बोलता धापा टाकत होता. हास्य शिबिरवाल्याने 'हॅलो'च्या आधीच हसायला सुरुवात केली, तेव्हा बाईंच्या अंगावर काटा आला.

चौथ्या ठिकाणी मात्र फोन उचलला गेला आणि बाई खुर्चीत सावरून बसल्या. काय तो आवाज! भरदार, मऊ, जरासा घोगरा.

"बोला ताई. अगदी सावकाश बोला, मला काही घाई नाही."

मला घाई नाही! इतक्या वर्षांत बाईंना असं कुणी म्हणालं नव्हतं. बस स्टँडवर घाई नसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? पुढे तो जो सुटला म्हणता! फाटकापाशी राहणारी मांजर सांगितली, आपला दुखरा गुडघा सांगितला, यंदा लिंबाच्या झाडाला फळ का धरलं नाही तेही सांगितलं. वर विचारलं, "खाट खिडकीजवळची देऊ की भिंतीकडची?"

"खिडकीजवळची!" बाईंचा आवाज चक्क कापरा झाला. "आणि माझं नाव आत्ताच्या आत्ता नोंदवा."

"प्रकार कुठला घेतलास?" भाचीने संध्याकाळी विचारलं.

"माणसांचा!" बाई ठसक्यात म्हणाल्या.

तयारी जोरात झाली. बाईंनी पत्त्यांचे दोन कॅट घेतले, सगळ्यांना वाटायला बिस्किटांचा मोठा डबा घेतला आणि आरशासमोर उभं राहून चार-पाच विनोदही घोटून ठेवले.

ठरल्या दिवशी त्या फाटकापाशी उतरल्या. तिथल्या छोट्या ऑफिसात तो आवाजवाला बसलाच होता. आवाजावरून सहा फुटी वाटलेला गृहस्थ टेबलामागे जेमतेम दिसत होता, पण बाईंनी तेवढं चालवून घेतलं. त्याने मांजर दाखवली, गुडघाही दाखवला आणि मग बाईंचा मोबाइल काढून कपाटात ठेवला.

"हा आता निघताना मिळेल. आत गेल्यावर मात्र एक शब्द बोलायचा नाही हं, ताई."

"म्हणजे?"

"अहो, हे मौन शिबिर आहे ना!"

बाईंच्या हातातला बिस्किटांचा डबा पडता पडता राहिला. "मौन? अहो, मग तुम्ही फोनवर एवढं कसं बोलत होतात?"

"मग कधी बोलू?" तो कळवळून म्हणाला. "दिवसभर इथे कुणी तोंड उघडत नाही हो! फोन आला तरच काय ते बोलायला मिळतं. तुम्ही छान ऐकून घेत होतात, म्हणून म्हटलं, हिला सोडायची नाही!"

आता भाचीसमोर कुठल्या तोंडाने परत जायचं? बाई आत गेल्या.

आत भिंतीवर हातभर अक्षरांत नियम रंगवले होते. बोलायचं नाही. खाणाखुणा करायच्या नाहीत. एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही! संचालिका उंच, काटकुळ्या, आणि हातात सदैव एक पितळी घंटी. कुणी खाकरलं तरी किणकिण! बाईंची तर पंचाईतच झाली. आवाजच नाही म्हटल्यावर माणसं ओळखायची कशी? एवढी माणसं हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसली होती, पण प्रेमळ कोण, खडूस कोण, काही म्हणजे काही पत्ता लागेना. घरी निदान रेडिओ तरी होता!

खोलीत भिंतीकडच्या खाटेवर आणखी एक बाई होत्या. बाईंच्याच वयाच्या, पांढऱ्या बॉबकटाच्या, अंगावर कायम पोपटी शाल. बाईंनी त्यांना मनातल्या मनात 'पोपटी शाल' हेच नाव देऊन टाकलं. पहिल्याच संध्याकाळी बाईंनी न राहवून डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. झाकणाचा 'टण्' असा आवाज झाला मात्र, बाहेरून किणकिण! पोपटी शालीने दचकून भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

"शिष्ट मेली," बाई मनात म्हणाल्या. आणि मग त्यांना एवढं एकटं वाटलं, की रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं. रिकाम्या घरात माणूस नसतं, समजू शकतो. इथे हाताच्या अंतरावर माणूस होतं.

असे काही दिवस गेले. बाई निमूट जेवत होत्या, निमूट बसत होत्या. पोटात शब्द साठत चालले होते. आणि एका दुपारी तो घोळ झाला.

सगळे हॉलमध्ये डोळे मिटून बसले होते. बाई जरा तोंडावर पाणी मारून यावं म्हणून उठल्या, तर बेसिनवर एक चष्मा! सोनेरी काड्यांचा, चांगला महागातला. बाईंनी तो उचलला आणि हॉलच्या दारात आल्या. आता बघा, बस स्टँडवर सापडलेली वस्तू हातात आली की बाईंचं डोकं चालायचं थांबतं आणि तोंड चालायला लागतं. इतक्या वर्षांची सवय ती! डावा हात आपोआप वर गेला, नसलेल्या माइकचं बटण दाबलं गेलं, आणि त्या शांत, थंडगार हॉलमध्ये तो खणखणीत आवाज घुमला,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

पुढे चष्म्याचं सांगायचं होतं हो. पण पुढचं ऐकायला कुणी थांबलं तर ना! तिथे बसलेली निम्मीअधिक माणसं बाईंच्याच शहरातली. जन्मभर त्या आवाजावर धावलेली. डोळे उघडायच्या आधी सगळी उभी राहिली! ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने बॅग समजून उचललं. कुणी उशी, कुणी आसन, एकाने तर शेजाऱ्याची चादर ओढली.

"कुठला फलाट?" एक जाडे गृहस्थ ओरडले.

"सुटली का? सुटली का?"

"अहो, ढकलताय काय? लाइनीत या ना!"

शांतता राखायला संचालिकाबाईंनी जिवाच्या आकांताने घंटी वाजवली. आणि तिथेच घात झाला! आमच्या शहरात कंडक्टरची घंटी वाजली म्हणजे गाडी हलली. मग काय विचारता! "थांबवा, थांबवा!" करत अख्खा हॉल दारावर कोसळला. जाडे गृहस्थ उशीसकट दारात अडकले, मागच्यांनी रेटा दिला आणि सगळे धडाधड बाहेरच्या हिरवळीवर येऊन पडले.

क्षणभर कुणाला काही कळेना. गाडी नाही, फलाट नाही. मग एकजण फिस्सकन हसला आणि बांधच फुटला. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर!

"अहो, तुम्हीच का त्या?"

"आवाज ऐकला आणि पायच उचलले बघा माझे!"

"तुमच्यामुळे माझी मुलाखत हुकली होती! उशिरा येणार म्हणालात आणि गाडी वेळेवर गेली!"

"मी शेवटची गाडी चुकवली आणि फलाटावरच आमचं लग्न जुळलं, सांगते काय!"

बाईंना घेरून माणसं बोलत होती. बाई हरखून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. हेच तर हवं होतं! पण हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं. जो तो आपल्या गाडीबद्दल सांगत होता. 'तुम्ही' म्हणत होते, पण बोलत होते ते खांबावरच्या भोंग्याशी. जाडे गृहस्थ म्हणाले, "तेवढं ते 'उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे' म्हणून दाखवा ना!" बाईंनी म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. पण तुमचं नाव काय, तुमच्या घरी कोण असतं, एवढं विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

तेवढ्यात संचालिका आल्या. सगळे चिडीचूप. त्या भलत्याच बाईसमोर उभ्या राहून कडाडल्या, "तुम्ही शिबिराची वाट लावलीत!"

"इकडे, मी इकडे आहे," माइकबाई हळूच म्हणाल्या आणि चष्मा पुढे केला. "हा... तुमचाच का?"

संचालिकांनी चष्मा घातला. आता त्यांना नीट दिसलं आणि राग आणखी वाढला. "एक तर उरलेले दिवस तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने घरी. ठरवा!"

"गाडीने जाते," बाई म्हणाल्या.

खोलीत येऊन त्यांनी बॅग भरायला घेतली. डोळे भरून येत होते. पत्ते कोरेच राहिले, विनोद तसेच. मागे दार लोटल्याचा आवाज झाला. पोपटी शाल आत आली आणि समोरच्या खाटेवर बसली. आता नियम मोडलेच होते, बोलायला हरकत नव्हती. पण दोघींनाही सुरुवात सापडेना.

"बोला ना," माइकबाई म्हणाल्या.

"तुम्हीच बोला."

शेवटी पोपटी शालीने घसा साफ केला. अगदी बारीक, साधासा आवाज. त्यावरून माइकबाईंना काही म्हणजे काही ओळखता आलं नाही.

"तुम्ही घोरता हो," ती म्हणाली.

"मी?" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "छे! काहीतरीच! मला आजवर कुणी कधी..."

आणि त्या मध्येच थांबल्या. आजवर सांगायला होतं कोण? आई होती तोवर शेजारीच झोपायची, पण तिला ऐकू यायचं नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण घोरतोय आणि हे आपल्याला ठाऊकच नाही! बाई मटकन खाली बसल्या.

"फार?"

"फार. खिडकीची काच वाजते." पोपटी शाल शालीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "आमचे हे गेले ना, त्यानंतर मला धड झोपच नव्हती. गोळ्या झाल्या, काढे झाले. घरात इतकं शांत असतं, की टक्क जाग येते. म्हणून म्हटलं, शांततेची सवय करून घ्यावी, म्हणून हा प्रकार निवडला. आणि इथे आल्यावर पहिल्या रात्री तुम्ही सुरू झालात. मी भिंतीकडे तोंड करून आधी पुष्कळ रडले. मग जी झोप लागली म्हणता!" ती थांबली. "तुम्ही आज गेलात तर मी काय करू?"

माइकबाईंना एकदम काही बोलताच येईना. त्यांना! त्यांनी बॅगेतून बिस्किटांचा डबा काढून मधल्या स्टुलावर ठेवला, बॅग खाटेखाली सारली आणि तशाच संचालिकांकडे गेल्या.

"राहते मी," त्या म्हणाल्या. "चकार शब्द काढणार नाही."

"जमेल तुम्हाला?" संचालिकांनी चष्म्यावरून विचारलं.

बाईंनी नुसती मान हलवली. आणि खरोखर, उरलेल्या दिवसांत माइकबाईंनी तोंडातून एक शब्द काढला नाही. झोपेतलं मात्र विचारू नका. सगळे नियम त्यांनी दोनदा नीट वाचून घेतले होते, घोरण्याबद्दल त्यात काहीही लिहिलेलं नव्हतं!