चेहरा जरा उजळ

तामुरो स्टुडिओ आपला पुढचा कार्टून सिनेमा हाताने न काढता कॉम्प्युटरवर काढणार, ही बातमी जपानातून नांदेडला पोचायला एक दिवस लागला. ती आल्यावर ‘तामुरोप्रेमी, नांदेड’ या व्हॉट्सॲप ग्रुपातली माणसं एकमेकांवर रुसून बसायला मात्र एक सकाळ पुरली. दहा जणांच्या त्या ग्रुपात एरवी वाढदिवसाचे केक तेवढे फिरत. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांनी एकमेकांचे मेसेज शेवटपर्यंत वाचले.

ॲडमिन सुदर्शनभाऊ पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. लहानपणी मुखेडला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्यांनी तामुरोचा छत्र्या विकणाऱ्या कोल्ह्याचा सिनेमा पाहिला होता. त्या कोल्ह्याच्या शेपटीचा एकेक केस कुणीतरी हाताने काढलाय, हे कळल्यापासून ते त्या स्टुडिओचे झाले ते झालेच. यंत्राच्या रेषेत जीव नसतो आणि हाताची रेष आपल्याला पन्नास फुटांवरून ओळखू येते, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. सात जणांनी लगेच होकार कळवला. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एकट्या वर्षाराणींनी लिहिलं, की माऊस धरणारासुद्धा हातच असतो. पुढचे दोन दिवस त्यांना कुणी सुप्रभात पाठवलं नाही.

दहावी मेंबर लुंबिनी. तिने कुठल्याच बाजूने अवाक्षर लिहिलं नाही.

येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सभा घ्यायची, ठराव करायचा आणि फलकासकट सगळ्यांचा फोटो जपानला पाठवायचा, असं ठरलं. फलकाचं काम अर्थातच लुंबिनीकडे आलं, कारण फ्लेक्सचं दुकान तिचं. तेव्हा वर्षाराणींनी विचारलं, की कॉम्प्युटर नको हे सांगायला कॉम्प्युटरवर छापलेला फ्लेक्स पाठवायचा का? यावर दिवसभर ग्रुपात नुसते केक फिरले. संध्याकाळी सुदर्शनभाऊंना आठवलं, की त्याच दुकानात मशीनच्या मागे एक पेंटर बसलेला असतो.

तो पेंटर म्हणजे लुंबिनीचे वडील, केरबा. चौदा वर्षांपूर्वी ते दुकान ‘केरबा आर्ट्स’ होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, पुढाऱ्यांचे चेहरे, सगळं केरबांच्या हातचं. मग लुंबिनीने कर्ज काढून मशीन आणलं आणि पाटी बदलून ‘लुंबिनी डिजिटल’ झाली. त्या दिवशी केरबांनी आपले ब्रश रॉकेलच्या डब्यात घालून ठेवले आणि ते फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या कड्या ठोकत बसले. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. भांडले असते तर लुंबिनीला बरं वाटलं असतं. ते न बोलणं तिला चौदा वर्षं सलत होतं.

“बाबा, कापडावर एक फलक काढायचाय. जमंल का?” तिने विचारलं.

केरबा कडी ठोकत राहिले. “हात थरथरून राहिला आता,” ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, “कापड कोणतं हाय?”

फलकावर ‘हाताची रेष जपा’ एवढंच लिहायचं होतं. पण खाली शुभेच्छुकांचे चेहरे नाहीत असा फलक नांदेडात आजवर कुणी पाहिलेला नाही. मेडिकलवाले शिवशंकर नम्रपणे म्हणाले, की जपानच्या लोकांना सांगणारा कोण ते तरी कळायला हवं. सुदर्शनभाऊंचा याला तात्त्विक विरोध होता. ॲडमिनचा चेहरा थोडा मोठा राहील असं ठरल्यावर तो मावळला. लुंबिनीला स्वतःचा चेहरा नको होता, म्हणून चेहऱ्यांचे नऊ गोल ठरले. केरबांनी एकच अट घातली. फोटो चालणार नाही, माणसाने समोर स्टुलावर येऊन बसायचं.

आठ दिवस दुकानात माणसं येऊन स्टुलावर बसत होती. केरबांनी कापडाला खळ लावली, सफेदा म्हणजे पांढरा रंग फिरवला, खडूच्या दोरीने रेघा मारल्या. पहिल्या दिवशी रेष थरथरली, त्यांनी पुसली. तिसऱ्या दिवशी थरथरली नाही. जेवायला बोलवायला लुंबिनीच्या आईला, पार्वतीबाईंना, घरून तीनदा फोन करावा लागे. कान जबड्याला कुठे मिळतो ते केरबांनी लेकीला ब्रशच्या टोकाने दाखवलं. रविवारी सभेत त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता, त्यासाठी पांढरा सदरा त्यांनी गुरुवारीच इस्त्री करून आणला. लुंबिनीला वाटलं, बाबांना असं काम आधीच द्यायला हवं होतं.

चेहरे उत्तम आले होते, आणि नेमका तिथेच घोटाळा झाला. लुंबिनीच्या धंद्यात कुणाचाही चेहरा फ्लेक्सवर जायच्या आधी जरा उजळ करावा लागतो. डोळ्यांखालचं काळं जातं, कपाळाच्या रेघा जातात. या मंडळींनी गेली दहा वर्षं स्वतःला असंच पाहिलं होतं. केरबांनी मात्र स्टुलावर जे बसलं ते काढलं. सुदर्शनभाऊंची दुसरी हनुवटी होती तेवढी आली. शिवशंकरांचे केस मोजून आले. जो तो फलकासमोर उभा राहायचा, ‘जिवंत रेष’ म्हणायचा आणि घाईने निघून जायचा.

पहिला फोन शिवशंकरांचा आला. “ताई, चेहरा एक नंबर हाय, वादच न्हाई. पण माझ्या एकट्याचा फोटो फ्लेक्सवर छापून, गोल कापून वर चिकटवता का? कुणाच्या ध्यानात येणार न्हाई.”

शुक्रवारपर्यंत असे सात फोन झाले. प्रत्येकाला आपल्या एकट्याचाच बदलून हवा होता. शनिवारी दुपारी, केरबा जेवायला घरी गेलेत याची खात्री करून, सुदर्शनभाऊ स्वतः आले. त्यांनी माहूरगडावरचा सहा वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. त्यात हनुवटी एकच होती.

“तत्त्व आपल्या जागी हाय, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण हे जपानला जाणार हाय.”

लुंबिनी प्रत्येकाला ‘बघते’ म्हणाली होती. आपल्याकडे त्याचा अर्थ हो असा घेतात.

पाठोपाठ वर्षाराणी आल्या. लुंबिनीने फोटोसाठी हात पुढे केला. पण त्यांनी काही दिलं नाही. त्या आपल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. “यात मी माझ्या आईसारखी दिसते,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊकच नव्हतं.” आणि गेल्या.

लुंबिनी तिथेच स्टुलावर बसली. फोटो चिकटवावेत तर उद्या पांढरा सदरा घालून आलेल्या बाबांना नवातले आठ चेहरे झाकलेले दिसतील. न चिकटवावेत तर आठ जण फोन करून विचारणार, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कुणी सभेतच बोलून दाखवलं तर आणखी वाईट. ती फलकाकडे बघत बसली. मग उठून तिने मोबाईलने त्या आठ रंगवलेल्या चेहऱ्यांचेच फोटो काढले, त्याच मापात फ्लेक्सवर छापले, गोल कापले आणि ज्याचे त्याच्यावर नेमके चिकटवले.

संध्याकाळी सुदर्शनभाऊंनी फोन करून विचारलंच. “हाव भाऊ,” लुंबिनी म्हणाली, “फ्लेक्सच चिकटवलाय.”

सभा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. सुदर्शनभाऊंनी पन्नास फुटांचा मुद्दा पुन्हा मांडला आणि खुशीत फलकावरचा पडदा ओढला. आठ माना एकदम पुढे आल्या. सुदर्शनभाऊंच्या हनुवट्या अजून दोनच होत्या. शिवशंकरांचे केस मोजकेच होते. प्रत्येकाला वाटलं, ताई आपलाच फोटो विसरली. पण विचारावं तर आपण फोटो दिला होता हे सगळ्यांना कळलं असतं. सुदर्शनभाऊ स्वतःच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, “तर ही अशी जिवंत रेष.”

मग केरबांना पुढे बोलावलं. जाता जाता ते फलकापाशी थांबले. त्यांनी सुदर्शनभाऊंच्या गालावरून अंगठा फिरवला. मग शिवशंकरांच्या. एकेक करत आठही चेहरे चाचपले, नववा वर्षाराणींचा चाचपला आणि मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. लुंबिनी मान खाली घालून बसली होती.

शाल अंगावर पडल्यावर केरबांनी माईक हातात घेतला. “रेष माझीच हाय,” ते म्हणाले. “मशीननं फकस्त उचलून वर ठेवली. पर लई सफाईनं ठेवली. मला बी पन्नास फुटांवरून कळलं नसतं.”

वाचनालयातून वर येऊन बसलेल्या बाकीच्यांना यातलं काही कळलं नाही. म्हाताऱ्याला काय काय ठाऊक आहे याचा अंदाज न आल्याने त्या आठ जणांनी सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

केरबा लेकीशेजारी येऊन बसले. “किती जणांनी फोटू दिलते?”

“आठ.”

ते हसायला लागले. शाल खांद्यावरून घसरेपर्यंत हसले. “माझ्या टायमाला बी हेच व्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, पेंटर, जरा उजळ काढा. म्या डबाभर सफेदा घालायचो.”

लुंबिनीने शाल सारखी केली. चौदा वर्षं राहून गेलेलं तिने आता विचारून टाकलं. “बाबा, मशीन आणली तवा तुमाला राग आलता का?”

“आलता की,” केरबा म्हणाले. “पर तू कधी इचारलंच न्हाई.”

घरी जाताना केरबांनी फलक स्वतः गुंडाळला, आणि गुंडाळण्याआधी खिशातल्या पेन्सिलीने कोपऱ्यातल्या ‘केरबा’ या सहीपुढे ‘व लुंबिनी’ असं लिहिलं.

फोटो जपानला गेला. तिकडून अजून उत्तर नाही. सुदर्शनभाऊंच्या घरी मात्र आलं. त्यांच्या पत्नी, सिंधूवहिनी, फोटो बघून म्हणाल्या, की तुमच्यासारखा दिसणारा हा पहिलाच फोटो. सुदर्शनभाऊंना ते ऐकून दोन दिवस काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले. स्वतःच्या वाढदिवसाचा फलक हवा होता, आणि तो हातानेच काढलेला हवा होता. ते स्टुलावर बसले, पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली. केरबांनी ब्रश भिजवला.

सुदर्शनभाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पेंटरकाका, रेष तशीच जिवंत येऊ द्या. फक्त चेहरा जरा उजळ.”

केरबांनी ब्रश खाली ठेवला आणि मशीनच्या दिशेने हाक मारली.

“लुंबे, तुझं गिऱ्हाईक आलंय.”