बाहुलीची बाजू घेणारी सिंधूमावशी

भुताच्या सिनेमात पडद्यावर भूत आलं की माणसं डोळे मिटतात. आमची सिंधूमावशी खुर्चीतून अर्धी उठते आणि भुताला विचारते, "का वं, जेवनी का नही?"

म्हणजे, का गं, जेवलीस की नाही. मावशी पारोळ्याकडची, घरात अहिराणी बोलणारी. मी जालन्याची. पंचवीस वर्षं सुरतेच्या डिंडोलीत भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळे मला तिची अहिराणी कळते. तिला मात्र माझा नकार अजून कळत नाही.

मी साड्यांचं धागा कटिंगचं काम आणून गल्लीतल्या बायकांना वाटते. साडीच्या उलट्या बाजूला भरतकामाचे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे. दुपारी माझ्या ओट्यावर सहा-सात बायका बसतात. बाकीच्या एकमेकींशी बोलतात, मावशी साडीशी बोलते. "तू कोठे जाशी वं? मोठ्या घरी पडशी असं दिसतंय. रंग जरा सांभाळ, पहिल्या धुण्यात इज्जत घालवू नको." साडी घडी करून ठेवताना तिला एक थाप मारते, सासरी निघालेल्या मुलीच्या पाठीवर मारावी तशी. पासष्ट वर्षांची बाई, कात्री सगळ्यांपेक्षा वेगात, आणि एकही साडी फाटलेली नाही. त्यामुळे मी काही म्हणत नाही.

तिला नाद एकच, भुताचा सिनेमा. दुसरा कुठलाही नको. ओट्यावरच्या आमच्या शोभाने एकदा तिला एका कौटुंबिक सिनेमाला नेलं. सासूने सुनेला घराबाहेर काढल्यावर सगळं थेटर मुसमुसत होतं आणि मावशी मोठ्याने म्हणाली, "हे पाहाले तिकीट कसाले? आमच्या गल्लीत दोन खिडक्या उघड्या ठेवल्या तरी दिसतं." भूत तिला आवडतं, कारण ते सरळ गळा धरतं. भीतीचं नाव काढलं की तिचं ठरलेलं वाक्य येतं: "त्यामा काय भेवानं?" त्यात काय घाबरायचं. पाल, पोलीस, रक्ताची तपासणी, सगळ्याला हेच.

दोन वर्षांपूर्वी तो बाहुलीचा सिनेमा आला. परदेशी, पण हिंदी बोलणारा. लाल फ्रॉकची एक बाहुली घरातल्या माणसांना कात्रीने मारते, एवढीच गोष्ट. आम्ही धागा कटिंगवाल्या सगळ्या गेलो. बाकीचे प्रेक्षक किंचाळत होते आणि आमची रांग कात्रीकडे बघत होती. शोभा म्हणाली, "अशी धरली तर संध्याकाळपर्यंत अंगठा सुजेल हिचा." कोणी म्हणालं, धार गेलेली आहे. मावशीने मात्र पहिल्या खुनालाच बाहुलीची बाजू घेतली. "आणली कोणी घरात? नटवली कोणी? पोरगी मोठी झाली आणि हिला माळ्यावर टाकली. मग ती काय आरती करील तुमची?"

शेवटी त्या लोकांनी बाहुलीला पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. मावशी ताडकन उभी राहिली. "पेटीमा कसाले घालतस? पानीमा सोडा तिले! वाजतगाजत सोडा!"

तिचं चुकलं असं मला अजून वाटत नाही. खानदेशी माणसं श्रावणात कानबाई बसवतात. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, लुगडं नेसवून चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर नेऊन पाण्यात सोडतात. सुरतेत तर त्या दिवशी अर्धी उधना-लिंबायत रस्त्यावर असते. जिला नटवून घरात बसवली तिला मानाने निरोप द्यायचा, हा मावशीचा साधा हिशोब. कुलूप घालणाऱ्यांची तिला खरोखर काळजी वाटली. ती ओरडत राहिली, टॉर्चवाला धावत आला आणि कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं.

दोन दिवसांत तो व्हिडिओ समाजाच्या ग्रुपवर फिरत पारोळ्यापर्यंत जाऊन आला. मावशीचा मुलगा प्रकाश डाइंग मिलमध्ये आहे. शांत, मान खाली घालून जाणारा माणूस. त्याच्या काजलला तेव्हा नंदुरबारचं स्थळ आलं होतं. त्या लोकांनी फोनवर विचारलं, "व्हिडिओत ती ओरडणारी आजी तुमचीच का?" स्थळ गेलं. पुढे काजलचं बारडोलीला चांगलं जमलं, पण प्रकाशच्या मनात ते नंदुरबार रुतून बसलं.

सिनेमाचा दुसरा भाग येणार असं कळलं, तेव्हा तो माझ्या दारात आला. मावशी माझ्या ओट्यावरच बसली होती.

"ताई, तुम्ही हिला नेऊ नका. आता काजलच्या साखरपुड्याची तारीख धरलीय. पुन्हा तमाशा झाला तर मी हिला थोरल्या दादाकडे पारोळ्याला सोडून येईन. कायमची."

"दादाकडे शेतात घर शे," मावशी धागा कापता कापता म्हणाली. "बोलाले एक म्हैस. ती पण दिवसभर रानात चराले जास."

"माय, मी चेष्टा नाही करत."

"मी पण नही."

मी प्रकाशला शब्द दिला. त्यात दुःख करण्यासारखं मला काही वाटलं नाही. मुलीच्या साखरपुड्यापुढे बाहुलीचं काय, चार महिन्यांत मोबाइलवर दिसेल. मावशीला तसं सांगितलंही. ती काही बोलली नाही, म्हणजे तिने ऐकलं असं मी समजले. इतक्या वर्षांनंतर ही चूक करायला नको होती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मावशी जांभळी साडी नेसून, डोक्याला तेल लावून दारात उभी. "मी चालनी. तू येस का नही?"

"मावशी, प्रकाश—"

"सुनेला सांगितलंय. मोठ्याने सांगितलंय, गल्लीने ऐकलं. प्रकाश आला की सांग, तीनच्या शोला गयी. लपून नही गयी."

मी चप्पल घातली. शब्द तिला न्यायचं नाही असा दिला होता. ती जात असेल तर सोबत जाणं यात तो मोडत नाही, असं मी स्वतःला रिक्षात समजावलं.

दुसऱ्या भागात निर्मात्यांना काय सुचलं कोण जाणे, बाहुलीला विनोद करता यायला लागला होता. एका लग्नात ती घुसते, नाचते, नवऱ्याच्या मामाला कोपरखळी मारते आणि मग केकच्या सुरीने संपवते. थेटरात लगेच दोन पक्ष पडले. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं वैतागली, "आ तो कॉमेडी छे यार, डर क्यां छे?" पुढे चार मुली हसून एकमेकींवर पडत होत्या. आमच्या शेजारचा एक गृहस्थ बायकोचा हात घट्ट धरून बसला होता, घाबरली तर असावा म्हणून. बायको हसत होती, शेवटी त्याने हात सोडून दिला आणि झोपला.

मावशी सुरुवातीलाच उठली होती. पेटीचं कुलूप आतून तुटलं आणि लाल फ्रॉक बाहेर आला, तेव्हा तिचा आवाज सगळ्या थेटरात गेला. "सांगेल व्हतं ना मी! सांगेल व्हतं!"

मागून एक पोरगा ओरडला, "अरे, आ तो पेला वीडियोवाळा मासी छे!" ही तर त्या व्हिडिओतली मावशी. टाळ्या पडल्या. मग काय विचारता. बाहुली कोपऱ्यात दिसली की पोरं विचारायची, "मासी, हवे शुं?" आता काय, म्हणून. आणि मासी सांगायची. "आता त्या टकल्याचा नंबर. फार हसतो." टकला मेला की शिट्ट्या. बाकीचे ओरडायचे, "ए मावशी, गप ना!", "शांति राखो!" टॉर्चवाला आला. "मासी, बेसी जाओ ने. नहीं तर बाहेर जावं लागेल."

"बाहेर काय शे? ऊन," मावशी म्हणाली आणि त्यालाच विचारलं, "तू जेवना का नही?" तो गेला.

मध्यंतरात दिवे लागले आणि आमच्या रांगेच्या टोकाला प्रकाश उभा. सुनेने फोन केला असणार, मिलमधून तसाच आलेला, नखांत निळा रंग, हातात तिकीट. आत यायचं म्हणून त्यालाही काढावं लागलं होतं. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, ते बरंच झालं.

"माय, चल."

"अर्धा बाकी शे."

"उद्या सकाळी पारोळ्याच्या गाडीत बसवतो तुला. मी ठरवलंय."

"उद्या बसव. आज तू बस."

दिवे गेले. मागची पोरं "बेसो ने काका" म्हणाली. प्रकाश बसला.

वाटलं, आता ही गप्प बसेल. मुलगा शेजारी, डोक्यावर पारोळं. मावशीने आवाज आणखी चढवला. शेवटी लग्नातल्या सगळ्या पाहुण्यांनी बाहुलीला मांडवाच्या कोपऱ्यात घेरलं, कुणाच्या हातात खुर्ची, कुणाच्या हातात भांडं. थेटर एक होऊन ओरडायला लागलं, "मार! मार!" विनोद आवडलेले आणि न आवडलेले, सगळेच. त्यात एकच आवाज उलट होता. "अरे, एकदा तरी इचारा तिले, तुले काय पाहिजे!"

हसण्याचा असा स्फोट झाला की बाहुली कशी मेली ते मला दिसलंच नाही.

बाहेर पायऱ्यांवर प्रकाशने तिला थांबवलं. "लाज वाटते मला, माय. दोनशे माणसं तुला गप बस म्हणत होती. ऐकू येत नाही का तुला?"

मावशीने पदर सारखा केला. पुढचं ती अहिराणीत बोलली, तुम्हाला कळेल असं मी सांगते.

"येतं ना ऐकू. चांगलं येतं. घरात सून मोबाइलमध्ये, काजल मोबाइलमध्ये. तू आलास की कानात ती मोबाइलची बोंडं घालतोस. सकाळी मी विचारलं, वांगी करू का गवार, कोणी मान वर केली नाही. मी दोन्ही केली, तेही कोणाला कळलं नाही. महिना झाला, मला घरात कोणी गप बससुद्धा म्हटलं नाही, प्रकाश. म्हणायला आधी ऐकावं लागतं." मग श्वास घेऊन म्हणाली, "पारोळ्याला मी जाणार नाही. बसवलंस तर पुढच्या थांब्याला उतरून परत येईन. मला वाट माहीत आहे."

डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. कमरेवर हात होता. आसपासची माणसं बघत होती आणि ती सगळ्यांना बघू देत होती.

मी रिक्षा थांबवली. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मागे आम्ही तिघं, मावशी मध्ये. उड्डाणपूल येईपर्यंत कोणी बोललं नाही. मावशीसुद्धा नाही, आणि ते मला त्या बाहुलीपेक्षा भयंकर वाटलं. प्रकाशने खिशातून ती कानातली बोंडं काढली, हातात फिरवली, परत खिशात ठेवली.

"मी पहिला भाग नाही बघितला," तो बाहेर बघत म्हणाला. "ती बाहुली त्या घरात आली कशी?"

मावशीने आधी माझ्याकडे पाहिलं. हा चेष्टा करतोय का, ते तिला माझ्या तोंडावरून वाचायचं होतं. मी रस्त्याकडे बघत राहिले. मग ती इतक्या हळू बोलली, की तो आवाज तिचा आहे हे मला क्षणभर कळलं नाही.

"पहिल्यापासून सांगू?"

"सांग," प्रकाश म्हणाला. आणि पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "भाई, जरा धीमे चलावजो."